तिसऱ्या कप्प्यातली कुपी

काका : नाही, फ्रीझरचा आवाज बदललाय. कान लावून बघा मॅडम. आधी गुणगुणायचा, आता कण्हतोय.

मॅडम : मला दोन्ही सारखंच ऐकू येतं, काका.

काका : येणारच. तुम्ही रोजच्या. घरातलं माणूस बारीक होत चाललं तर घरच्यांना कळत नाही, पाहुण्याला कळतं.

मॅडम : आणि पाहुण्याला बोलावलं कुणी? मी तर फोन केला नव्हता.

काका : बोलवायला कशाला पाहिजे? याच बाजूला आलो होतो. पलीकडच्या बेकरीत शोकेसचा गॅस भरायचाय.

मॅडम : बेकरी आज बंद असते.

काका : म्हणून तर आज भरायचा. चालू असली की गिऱ्हाईक मध्ये मध्ये येतं.

मॅडम : काका, गेल्या आठवड्यात तुम्ही या फ्रीझरची जाळी साफ केलीत. त्याच्या आधी दाराचं रबर बदललंत. त्याच्या आधी चाकं आवळलीत. हा फ्रीझर जागचा हलत नाही, त्याची चाकं कशाला आवळायची?

काका : आवळली म्हणून हलत नाही.

मॅडम : मावशी असत्या तर म्हणाल्या असत्या, ह्यांना घरात करमत नाही, द्या एखादा स्क्रू काढायला.

काका : आमची ही म्हणायचीच तसं. पण "ह्यांना" फक्त चारचौघांत हं.

मॅडम : माहीत आहे ना. इथे प्रयोगशाळेच्या सिंकवर काच धुताना एकट्याच असल्या की "हा मेला मेकॅनिक" म्हणायच्या. इतकी वर्षं ऐकलंय मी.

काका : हो का? मेला म्हणायची मला, आणि गेली स्वतः आधी. तिचं सगळं घाईचंच काम... हे बघा, उणे अठ्ठ्याहत्तर दाखवतोय. उणे ऐंशीवर लावलेला मी. दोन अंश गेले कुठे?

मॅडम : मी आत्ताच दार उघडलं होतं.

काका : काय काढायला?

मॅडम : काढायला नाही. बघायला.

काका : काय बघायला?

मॅडम : चला ना, बाहेरच्या टेबलावर बसू. चहा गार होईल.

काका : अजून केलासुद्धा नाही तुम्ही.

मॅडम : करते. इथे, फ्रीझरच्या खोलीत, चालत नाही, माहीत आहे ना तुम्हाला? या बाहेर. ती हत्यारं राहू द्या तिथेच.

काका : मॅडम स्वतःच्या हातानं चहा करतायत म्हणजे काहीतरी आहे. हा पाना बरोबर असू दे. काहीतरी हातात असलेलं बरं.

मॅडम : बसा. साखर?

काका : अर्धा चमचा.

मॅडम : लेकीचा रिपोर्ट आला का हो?

काका : आला. तोच सांगायचा होता. म्हणजे बेकरीचं होतंच, पण हेही होतं. आईचा आजार तिला नाही. डॉक्टर म्हणाले, आईकडून आलेली कात्री बोथट आहे, पण माझ्याकडून आलेली धड आहे. एका कात्रीवर भागतं म्हणाले.

मॅडम : भागतं काका. जन्मभर भागतं. केवढं बरं वाटलं मला. मी तर विचारायलाच घाबरत होते.

काका : मी डॉक्टरांना म्हटलं, कात्रीचं काय, धड आहे का? ते बघायलाच लागले माझ्याकडे. हा शब्द कुणी दिला म्हणाले. म्हटलं, आमच्या ओळखीच्या आहेत एक, दिवसभर मेंदूतली चरबी मोजतात.

मॅडम : तुम्ही ऐकत होतात तर. मी सांगितलं तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

काका : ऐकत नव्हतो. एवढा एक शब्द तेवढा कानात अडकला. बाकीचं परत सांगा. आता ऐकतो.

मॅडम : कुठून सांगू?

काका : मला अडाणी समजून सुरुवातीपासून सांगा. तसाही तुम्ही समजताच.

मॅडम : असं बोलू नका हो. बरं. मेंदूतलं पाणी काढून टाकलं तर जे उरतं, त्यात निम्म्याच्या आसपास चरबी असते. पोटावरची नव्हे. साठवणीची नव्हे. बांधकामातली.

काका : भिंतीतली.

मॅडम : भिंतीतली. प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो, दोन पदरी. इतका पातळ की तुमच्या फ्रीझरवरचा रंगाचा थर त्याच्यापुढे गादी वाटेल. तो पडदा मुख्यतः चरबीचा. आणि चरबी एक नाही, शेकडो जातींची. काही ताठ, काही सैल. ताठ जास्त झाल्या तर पडदा थिजतो. सैल जास्त झाल्या तर त्याला धरबंध राहत नाही. पेशी दिवसरात्र त्यांचं प्रमाण सांभाळत बसलेली असते.

काका : कॉम्प्रेसरच्या तेलाचं तेच आहे. थंडीत थिजलं की मोटर ओढत नाही. फार पातळ झालं की लोखंडाला लोखंड घासतं. बरोबर जातीचं तेल नसेल तर यंत्र आज ना उद्या बसतंच.

मॅडम : असंच समजा. मग मेंदूतल्या तारा. त्यांच्याभोवती याच पडद्याचे वेटोळे असतात, जखमेला पट्टी गुंडाळावी तसे. त्यामुळे निरोप झरझर जातो.

काका : इन्सुलेशन.

मॅडम : हो. आता त्या वेटोळ्यांतली एक चरबी जुनी झाली की ती कापून मोडीत काढावी लागते. त्यासाठी शरीराकडे कात्री असते. आईकडून एक, वडिलांकडून एक. मावशींच्या दोन्ही बोथट निघाल्या. अगदीच मोडलेल्या असत्या तर लहानपणीच कळलं असतं. बोथट होत्या, म्हणून निम्मं आयुष्य निभावलं. पण न कापलेली चरबी साठत गेली, आणि तारांवरचं वेटोळं सुटत गेलं.

काका : आणि तिच्या हातून काच पडायला लागली.

मॅडम : हो. आधी काच पडायला लागली. मग शब्द पडायला लागले.

काका : आम्हाला पहिल्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की मेंदूत चरबी साठतेय. मी घरी आलो आणि लोणी बंद केलं. साय बंद, तळण बंद. ती चिडायची. लहान पोरासारखी ताट सरकवून द्यायची. मी म्हणायचो, तुझ्या भल्यासाठी आहे. वर्षभर उकडलेलं खाल्लं आम्ही दोघांनी.

मॅडम : काका, ती चरबी मेंदू स्वतःच तयार करतो. तिचा लोण्याशी काही संबंध नाही.

काका : हे मला आता कळतंय. म्हणजे शेवटचं वर्ष उगाच मन मारायला लावलं तिला.

मॅडम : कुणी सांगितलं मारलं म्हणून?

काका : म्हणजे?

मॅडम : काम सुटल्यावरही तुम्ही त्यांना दुपारच्या इथे सोडून जायचात ना? त्याच खुर्चीत बसायच्या, तुम्ही आत्ता बसलात तिथे. आमचे इथले सर बिस्किटाला बोटभर लोणी लावून द्यायचे. बिस्किट नावाला.

काका : इथे? या टेबलावर?

मॅडम : तुमच्या स्कूटरचा आवाज आला की मला म्हणायच्या, पोरी, बघ गं, ओठाला लागलंय का.

काका : तरीच. उकडलेलं खाऊन मी वाळत चाललोय आणि हिचं वजन वाढतंय कसं, म्हणून मी वजनकाटा दुरुस्तीला टाकला होता.

मॅडम : तुम्ही रागावलात?

काका : रागावतोय कशाला? आज किती महिन्यांनी काहीतरी नवीन कळलं तिच्याबद्दल. मला वाटलं, आता सगळं कळून संपलं.

(सर येतात.)

सर : अरे, उस्ताद आलेत. कोण बिघडलंय, फ्रीझर की तुम्ही?

काका : दोघं थोडे थोडे, साहेब.

मॅडम : सर, तुमचं लोणी उघडकीला आलं.

सर : आलं का? मी नाकारणार नाही. पेशंट मागत होता. मी डॉक्टर नाही, मला पथ्यं लागू नाहीत. साबणाची गोष्ट सांगितलीस का यांना?

काका : साबणाची पाठ आहे मला. घरी येईल त्या पाहुण्याला ऐकवायची ती. "साहेबांचा साबण" नाव होतं त्या गोष्टीचं.

सर : तिच्या तोंडून ऐकलीत. ज्याचं नुकसान झालं त्याच्या तोंडून ऐका. आमच्या आलेखात एक टोक यायला लागलं. कुठल्या पुस्तकात नाही असं. मेंदूच्या पडद्यात नवी चरबी, आणि ती मी शोधलेली. महिनाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. नावसुद्धा ठरवलं होतं.

मॅडम : स्वतःचं.

सर : मग काय शेजाऱ्याचं ठेवायचं? आणि ही, तेव्हा नुकतीच शिकायला आलेली, दारात उभी राहून मला म्हणते, सर, तुमची चरबी सिंकवरच्या बाटलीतून येतेय.

मॅडम : मावशी नवीन होत्या. इथल्या पावडरीनं हात फाटायचे म्हणून घरून मलईचा साबण आणला होता. काच कशी लखलखायची त्यानं. पण आत चरबीचा थर राहायचा, डोळ्यांना न दिसणारा. मशीनला मात्र दिसायचा.

काका : तो साबण मी आणून दिला होता.

सर : काय?

काका : हाताला चिरा पडल्या होत्या तिच्या. भाजीला मीठ घालताना सुद्धा झोंबायचं. मी दुकानात जाऊन म्हटलं, सगळ्यात मऊ कुठला तो द्या.

सर : म्हणजे माझा शोध तुम्ही बुडवलात? आणि मी इतकी वर्षं त्या बिचारीला चिडवत होतो?

काका : तिनं सांगितलं नाही?

सर : कधीच नाही. मीच आणला म्हणाली. ह्यांना यातलं काही कळत नाही म्हणाली.

काका : ते तिचं खरंच होतं.

सर : आणि दुसऱ्या दिवसापासून दारात उभी. आत येईल त्याला, हात दाखवा. मलासुद्धा. क्रीम लावलंय, तेल लागलंय, जेवणाचा वास येतोय, चला परत सिंकवर. माझ्याच प्रयोगशाळेत मी चोरासारखा यायचो.

मॅडम : पाहणीला बाहेरून मोठे साहेब आले होते, आठवतं? त्यांना वाटलं, या बाई हात बघतात. उजवा पंजा पुढे केला आणि हळूच विचारलं, बढती कधी आहे?

काका : मग?

मॅडम : मावशी म्हणाल्या, आधी नखं कापा, मग बघू.

सर : ती असेपर्यंत आमच्या आलेखात पुन्हा कधी भलतं टोक आलं नाही. एवढं खरं. बरं, विचारलंस का यांना? ते मागून आणलेलं नवं मशीन आपल्याला उद्याच आहे फक्त, परवापासून दुसऱ्यांकडे.

मॅडम : सर.

सर : विचारलं नाहीस अजून.

मॅडम : विचारणारच होते.

सर : हं. मला... मला तिकडे कुणीतरी हाक मारतंय.

काका : कुणी मारत नाही हो, साहेब.

सर : नसेल. तरी जातो.

(सर जातात. आतल्या खोलीत फ्रीझर चालू होतो.)

काका : तिसरा कप्पा. डावीकडचा डबा. मागची ओळ.

मॅडम : काका, कुप्यांवर नाव नसतं. आकडा असतो नुसता. कुठली कुणाची ते तुम्हाला कळायला नको होतं.

काका : ठेवलंत त्या दिवशी फ्रीझरचं दार कुणी धरलं होतं? बिजागरी अडकते म्हणून मी आलो होतो. तुमच्यातलं कुणी मान वर करून बघितलं नाही. मेकॅनिक म्हणजे मेकॅनिक.

मॅडम : मी सुट्टीवर होते त्या दिवशी. माझ्यानं होणार नव्हतं ते.

काका : बिजागरी अडकत नव्हती.

मॅडम : माहीत आहे.

काका : एकच उरलीय ना?

मॅडम : हो. बाकीच्या वापरल्या गेल्या. ही शेवटची. उद्या वापरली की मग इथे मावशींचं काही उरणार नाही.

काका : मग वापरू नका.

मॅडम : बरं.

काका : बरं म्हणजे?

मॅडम : बरं म्हणजे बरं. तुम्ही नको म्हणालात, तर नाही वापरायची. मावशींनीच तसं सांगून ठेवलं होतं. मी गेल्यावर माझ्या मेंदूचं काय करायचं ते करा, पण शेवटचा तुकडा ह्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

काका : असं म्हणाली ती? मला कधी बोलली नाही.

मॅडम : पुढेही म्हणाल्या. सांगू का?

काका : सांगा.

मॅडम : "आधी नाही म्हणतील. तू नुसतं बरं म्हण आणि गप्प बस. चहा पाज. जाळी साफ करायला दे. आणि मग परत विचार."

काका : चहा झाला.

मॅडम : झाला.

काका : जाळी तर साफच आहे.

मॅडम : तिथेच माझं अडलंय ना. तुम्ही गेल्या आठवड्यातच करून टाकलीत.

काका : वस्ताद बाई. गेली तरी माझी नाडी तिच्याच हातात.

मॅडम : घाई नाही काका. सर म्हणाले उद्या, पण माझ्या दृष्टीनं घाई नाही. मशीन पुन्हा मिळेल केव्हातरी.

काका : केव्हा?

मॅडम : सांगता येत नाही. वर्षानं, दोन वर्षांनी. तोवर ठेवू जपून.

काका : तुम्हाला काय वाटतं, मी कशाला येतो इथे? घरी तिचं काही राहिलेलं नाही. कपडे लेकीनं वाटून टाकले, बरंच केलं. कपाट उघडलं की माझंच सामान दिसतं. इथे मात्र वीज चालू आहे. थंडी बरोबर आहे. हिरवा दिवा लागलेला आहे. तो बघून गेलो की त्या दिवशी मला झोप लागते.

मॅडम : ती कुपी म्हणजे मावशी नव्हेत, काका.

काका : माहीत आहे. मेकॅनिक आहे मी, खुळा नाही. पण फ्रीझर म्हणजे काय हो? खराब होऊ नये म्हणूनच ठेवतात ना माणसं त्यात काही? मी जन्मभर तेच केलं. दुसऱ्यांचं दूध, दुसऱ्यांची औषधं, दुसऱ्यांचं आइस्क्रीम. एकदा आपलं काही ठेवलं, तर ते काढा म्हणता.

मॅडम : मी म्हणत नाही.

काका : ही कुपी नसली तर काय अडेल? खरं सांगा. तिच्यासारख्यांना औषध सापडणार नाही का?

मॅडम : खरं सांगते. एका माणसाच्या एका तुकड्यानं औषध सापडत नाही. सापडेल असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण आमच्याकडे येतात ते तुकडे बहुतेक पार बिघडलेले असतात. सगळंच जळून गेल्यावर घरात आधी काय पेटलं ते कळत नाही. मावशींचा हा एकच तुकडा असा आहे की जिथे बिघाड नुकता शिरला होता. वेटोळी अजून जागेवर होती. त्यात बघितलं तर कळेल की कुठल्या चरबीचं प्रमाण आधी हललं. ते कळलं तर पुढे कधीतरी कुणाच्या हातातून काच पडायच्या आधी ओळखता येईल. कदाचित. मी कदाचितच म्हणेन.

काका : कुठला भाग तो? म्हणजे डोक्यात कुठला?

मॅडम : मागचा. इथला, मानेच्या वर. बघण्याचा भाग.

काका : डोळ्यांचा?

मॅडम : डोळे बघतात ते ज्याला कळतं, तो.

काका : तो बरा होता तिचा?

मॅडम : शेवटपर्यंत बराच बरा होता.

काका : होता. होताच. सांगतो ना तुम्हाला. माझं नाव गेलं तिच्या तोंडून. लेकीचं गेलं. भाकरी की भात ते कळेनासं झालं. पण पाण्याचा ग्लास दिला की आधी खिडकीकडे धरायची. उजेडात. फिरवून बघायची. आणि म्हणायची, डाग आहे, परत धू. मी परत धुवायचो. परत धरायची. परत डाग. पाणी पोटात जाईपर्यंत घसा कोरडा पडायचा तिचा. मला ओळखायची नाही, पण कामाला लावायची. मी म्हणायचो, असू दे, ओळखीचं काय करायचंय. तीस वर्षं ओळखत होती तेव्हाही कामालाच लावत होती.

मॅडम : इथेही तेच. आम्ही त्यांच्यासाठी काही ग्लास वेगळे काढून ठेवले होते. कुठल्या कामाचे नव्हते, पण त्यांना धुवायला. त्या आमचेच धुतलेले ग्लास उजेडात धरून परत सिंकमध्ये टाकायच्या. सरांनी धुतलेला तर कधीच पास झाला नाही.

काका : माझा झाला.

मॅडम : खरंच?

काका : शेवटी शेवटी. एक दिवस खिडकीकडे धरला, खूप वेळ बघितला. मी उभा, शाळेतल्या पोरासारखा. मग सरळ पाणी प्यायली. त्या दिवशी मी लेकीला फोन करून सांगितलं, पास झालो म्हणून. तिला काय कळणार.

मॅडम : मला कळलं.

काका : केवढा आहे हो तो तुकडा?

मॅडम : मसुराच्या डाळीएवढा.

काका : आणि काय करणार त्याचं?

मॅडम : काचेच्या नळीत घालायचा, कुटायचा, वर द्राव ओतायचा. चरबी द्रावात उतरते, बाकीचं खाली बसतं. ती चरबी मशीनमध्ये सोडली की मशीन एकेक जात वजनानं वेगळी काढतं. मग आलेख येतो. टोकं असतात, लहानमोठी.

काका : डोंगर काढल्यासारखी. ही घरी काढून दाखवायची, साहेबांचं टोक कसं उंच होतं ते.

मॅडम : तशीच.

काका : मला दाखवाल?

मॅडम : सगळ्यात आधी तुम्हाला. कुठलं टोक कुठल्या चरबीचं तेही सांगीन.

काका : त्यात साबण नको निघायला.

मॅडम : नाही निघणार.

काका : कशावरून? नळी कोण धुणार?

मॅडम : आता धुवायचं मशीन आलंय. पण अशा कामाची काच मी हातानंच धुते. मावशींच्या जागी कुणी घेतलंच नाही आम्ही.

काका : मी धुतो.

मॅडम : काका?

काका : नळी, ग्लास, जे लागेल ते. आधी गरम पाणी. मग तुमची ती हात फाडणारी पावडर. मग साधं पाणी, भरपूर, पावडर गेली असं वाटल्यावरही आणखी. मग ते गाळलेलं. आतून फडकं लावायचं नाही. पालथी घालायची नाही तर धूळ... चुकलो, पालथीच घालायची. जाळीवर.

मॅडम : बरोबर आहे. पालथी, जाळीवर. आणि अगदी शेवटी तो द्राव फिरवायचा. तेवढं मी करीन, त्याचा वास वाईट असतो.

काका : ते तुम्ही करा. बाकी मी. म्हणजे उद्या...

मॅडम : म्हणजे हो म्हणताय तुम्ही?

काका : मी नळी धुतो म्हणालो. त्यात काय ते आलं.

मॅडम : आलं.

काका : रडू नका. द्रावात पडेल.

मॅडम : अजून द्राव काढलासुद्धा नाही.

काका : मग रडून घ्या आत्ताच... पण एक सांगा. परवापासून मी इथे कशाला यायचं?

मॅडम : त्या फ्रीझरमध्ये काय फक्त मावशी होत्या? पहिल्या कप्प्यापासून खालपर्यंत माणसंच आहेत, काका. कुणाचे वडील, कुणाची बहीण. त्यांच्या घरच्यांना हा फ्रीझर कुठे आहे तेही माहीत नाही. त्यांच्यात कुणीच मेकॅनिक नाही.

काका : एकसुद्धा नाही?

मॅडम : मला तर आवाज बदललेला कळतही नाही. तुम्हीच म्हणालात.

काका : कण्हतोय तो. खरंच कण्हतोय, मी काही निमित्त काढलं नव्हतं. म्हणजे काढलं होतं, पण आवाज खरा आहे. पंख्याचं बेअरिंग गेलंय बहुतेक. पुढच्या आठवड्यात नवीन घेऊन येतो.

मॅडम : या. बेकरी बंद असेल त्या दिवशी या.

काका : टोमणे मारायला तिच्याकडूनच शिकलात.

मॅडम : चला, सिंक दाखवते. पावडर जुन्याच जागी आहे. काय झालं? थांबलात का?

काका : दारातून असंच कसं आत जायचं? कुणी अडवायला नको?

मॅडम : हात दाखवा, काका.

काका : घे. बघ नीट, पोरी.

मॅडम : उजव्या अंगठ्याच्या नखात ग्रीस आहे. परत धुवा.

काका : तिनंही तेच धरलं असतं.